न मागितलेला लाड

माझी हनुवटी दोन बोटांत धरून ताईंनी माझं तोंड पाहुण्यांकडे वळवलं.

"बघा. नाक बघा, डोळे बघा. वाटते का?"

व्हरांड्यात वेताच्या खुर्च्यांवर बसलेल्या बायका पुढे झुकल्या. एकीनं चष्मा सारखा केला, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "नाही हो. बिलकुल नाही वाटत."

काय वाटत नाही, ते कोणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती. मी नऊ वर्षांची होते आणि मला कळलं होतं. मी महाराची वाटत नव्हते.

ताईंनी हनुवटी सोडली. गालाचा मुका घेतला. "आता सांग मंजू, तू कोणाची?"

"ताईंची."

बायका हसल्या. माझ्या हातावर पेढा आला. तो मी तिथं खाल्ला नाही. बंगल्याच्या मागच्या पायऱ्यांवर जाऊन खाल्ला. माझी खायची जागा तिथं होती.

ही इंदूरची गोष्ट आहे. राजांचं राज्य नुकतंच गेलं होतं आणि आम्ही मध्य भारत नावाच्या प्रांतात राहत होतो. उन्हाळा आला की सरकार ग्वाल्हेरहून इंदूरला यायचं. मंत्री यायचे, त्यांच्या बायका यायच्या, आणि शहरातल्या मोठ्या घरांत लगबग उडायची. आमच्या परदेशीपुऱ्यात काही उडायचं नाही. तिथं मिलचा भोंगा व्हायचा आणि माणसं उठायची.

बा मिलच्या रिंगखात्यात होता, जिथं सूत कातलं जातं. विणायच्या खात्यात आमच्या लोकांना घेत नसत. माय सूत गुंडाळायच्या खात्यात. दोघं वऱ्हाडातून आलेले. घरात वऱ्हाडी, गल्लीत हिंदी आणि शाळेत पुस्तकातली मराठी, अशा तीन बोल्या मी बोलायचे. शाळा नगरपालिकेची होती. एक गुरुजी, दोन खोल्या, आणि मिलमजुरांची पोरं.

दर शनिवारी शाळेत शहरातल्या महिला मंडळाच्या बाया यायच्या. चांगल्या घरच्या. कोणाचे आजे दरबारात कारभारी होते, कोणाचे फौजेत. आता नवरे सचिवालयात, कचेऱ्यांत, कॉलेजात. त्या आमच्यात सेवा करायला येत. साबणाच्या वड्या आणत, दुधाची पावडर आणत, गाणी शिकवत. नखं बघत. पोरांना जवळ घेत.

सगळ्यांना नाही. हे आम्हांला पहिल्याच शनिवारी कळलं. ज्याचं नाक वाहत नाही, ज्याचा रंग जरा उजळ आहे, ज्याच्या अंगाला वास येत नाही, त्याला जवळ. बाकीच्यांना लांबून "शाब्बास". माझी मैत्रीण सरू रंगानं काळी होती, तिच्या कानाला कायम फोड असायचा. ती दर वेळी हात पसरून पुढे जायची. बाई तिच्या खांद्याला बोटांची टोकं लावून तिला तिथंच थांबवायच्या. "बैस हं, बाळ. खाली बैस." सरू बसायची. पुढच्या शनिवारी परत हात पसरून जायची.

मला मात्र त्यांच्यातल्या ताईंनी निवडलं.

ताई वाईट नव्हत्या. हे मी आधीच सांगून टाकते, कारण ही गोष्ट ऐकणारा प्रत्येक जण मला हेच सांगतो. वाईट नव्हत्या. तिशीच्या पुढच्या, गोऱ्या, हळू बोलणाऱ्या. मूल नव्हतं. त्या माझ्याकडे बघून हसायच्या तेव्हा खरंच हसायच्या. त्यांच्या पदराला वाळ्याचा वास यायचा. त्यांनी पहिल्यांदा मला मांडीवर घेतलं तेव्हा मी श्वास रोखून बसले होते. हललं तर खाली उतरवतील असं वाटलं.

आमच्या घरात मांडीवर घेणं नव्हतं. माय दिवसभर उभी असायची. घरी यायची तेव्हा तिच्या केसांत कापसाचे तंतू असायचे आणि तोंडातून शब्द निघत नसे. ती मला जवळ घ्यायची ती फक्त रविवारी. अंगणात बसून ती माझे केस सोडायची, तेल घालायची, फणीनं एकेक बट विंचरायची, घट्ट वेणी घालायची. दुखायचं. मी ओरडले की म्हणायची, "बस गुमान." तेवढा वेळ तिचे हात माझ्या डोक्यावर असायचे. मला त्याला लाड म्हणतात हे माहीत नव्हतं. मला वाटायचं, लाड म्हणजे वाळ्याचा वास.

म्हणून ताईंनी मला बंगल्यावर बोलावलं तेव्हा मी उड्या मारत गेले. लालबागेकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचा बंगला होता. त्यांचा टांगा मला घ्यायला यायचा. बा गल्लीत सगळ्यांना इंदुरी 'भिया' लावून सांगायचा, "आपली पोरगी टांग्यात जाते भिया." तो खूश होता.

बंगल्यात ताईंनी मला नवीन झगा घातला. माझं नाव त्यांना ओबडधोबड वाटलं. म्हणाल्या, "हे कसलं ग नाव? तोंडात बसत नाही. मी तुला मंजू म्हणणार." मी म्हटलं नाही की म्हणा. म्हटलं नाही की म्हणू नका. मला कोणी विचारलंच नव्हतं. मी मंजू झाले.

मग बोलणं. "मले नाही, मला. काहून नाही, का." मी दुरुस्त करत गेले. एक दिवस म्हणाल्या, "मला आई म्हणशील?" आमच्या घरात आई हा शब्द नव्हता. घरात माय होती. आई पुस्तकात होती, धड्यात होती. मी म्हटलं, "आई." ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मला इतकं घट्ट धरलं की त्यांच्या बांगड्या माझ्या पाठीत रुतल्या. सुटायचं होतं. सुटले नाही. रडणाऱ्या मोठ्या माणसाला कसं ढकलायचं, ते मला माहीत नव्हतं.

त्यांच्या सासूबाई देवघराच्या उंबऱ्यात उभ्या राहून हे बघायच्या. मी आत पाऊल टाकलं की हात आडवा. पाणी मला वरून ओतून मिळायचं. ताट मागच्या पायऱ्यांवर. ताई हळूच कानात सांगायच्या, "सासूबाई जुन्या वळणाच्या आहेत ग. तू समजून घे."

मी समजून घ्यायचे. त्या घरात समजून घेणारी मी एकटीच होते आणि मी नऊ वर्षांची होते.

एका थंडीच्या दिवशी टांगेवाला आजारी होता, म्हणून माय मला न्यायला आली. मिलमधून सरळ. लुगडं मळलेलं, डोक्यावर कापूस. ती फाटकाच्या आत दोन पावलं येऊन उभी राहिली. ताई व्हरांड्यात होत्या, त्यांच्याकडे दोन मैत्रिणी बसल्या होत्या. माय आलेली बघून ताईंना गंमत सुचली.

"अरे वा, घ्यायला आल्या वाटतं. थांबा हं, आपण हिलाच विचारू." त्यांनी मला मागून दोन्ही हातांनी धरलं, त्यांची हनुवटी माझ्या डोक्यावर ठेवली. "सांग मंजू, तू कोणाची?"

मी मायकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती 'मंजू' या नावाकडे बघत होती. ते ती पहिल्यांदाच ऐकत होती.

मी झग्याची किनार मुठीत धरली.

"सांग ना. रोज सांगतेस की. सांग, पेढा देते."

मी तोंड मिटून घेतलं. ताई हसल्या. पण त्यांनी माझा गाल चिमटीत धरला आणि सोडला नाही. "लबाड. आईला बघून लाजतेय." गाल दुखू लागला. डोळ्यांत पाणी आलं.

फाटकापासून माय म्हणाली, "बाई, अंधार पडते. जातो आम्ही."

एवढंच. हात जोडून म्हणाली. वाटेत ती माझ्या दोन पावलं पुढे चालत राहिली. घराजवळ आल्यावर विचारलं, "मंजू कोन हाय?"

"मी."

"बरं," माय म्हणाली.

त्यानंतर मला जायचं नव्हतं. मी बाला सांगितलं. बा म्हणाला, "पागल झाली का? लोकं तरसतात." मी गुरुजींना सांगितलं. गुरुजी भले माणूस होते, घाबरट होते. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "त्यांना नाराज करू नकोस. शाळेला दूध त्यांच्यामुळे येतं. थोडे लाड करून घेतलेस तर काय बिघडतं तुझं?"

सगळ्या शाळेचं दूध माझ्या गालावर होतं. मी जात राहिले.

उन्हाळा आला. सरकार इंदूरला आलं. मंडळानं एका सभागृहात मोठा कार्यक्रम ठरवला. एका मंत्र्यांची बायको पाहुणी होती. आमची पोरं गाणं म्हणणार होती आणि मंडळाचं काम पाहुणीला दाखवायचं होतं.

कार्यक्रमाच्या आधी ताईंनी मला बंगल्यावर बोलावलं. मागच्या अंगणात वर्तमानपत्र पसरलं होतं. त्यावर मला बसवलं. त्यांच्या हातात कात्री होती.

"उवांचं घर आहे नुसतं. बॉबकट करून टाकू. किती गोड दिसशील."

माझ्या डोक्यात उवा नव्हत्या. मायची फणी उवा राहू देत नसे. मी म्हटलं, "नको."

"वेडाबाई. केस काय, परत येतात."

मी परत म्हटलं, "नको." या वेळी मोठ्यांदा. वेणी हातात धरून ठेवली.

ताईंनी माझी बोटं एकेक करून सोडवली. हळूच. प्रेमानं. मग माझं डोकं दोन गुडघ्यांत धरलं, हलू नये म्हणून. कात्री मानेला थंड लागली. वेणी घट्ट होती, एका कापात तुटली नाही. त्यांना करकर कापावी लागली. कापताना त्या लहान मुलांसाठीचं एक गाणं गुणगुणत होत्या.

सासूबाई दारातून म्हणाल्या, "ते केस घरात आणू नका. परभारे बाहेर टाका."

घरी आले. माय चुलीपुढे होती. तिनं मागे वळून बघितलं. हातातली फुंकणी खाली ठेवली. उठून माझ्याजवळ आली. तिचा हात वर आला, माझ्या डोक्यापर्यंत आला आणि तिथंच राहिला. तिनं तो लावला नाही. माघारी घेतला. जणू ते डोकं आता दुसऱ्या कोणाचं होतं आणि तिला परवानगी नव्हती.

"मले विचारलं कोनी?" ती म्हणाली. कोणाला म्हणाली, माहीत नाही.

बा म्हणाला, "केसंच न ते. काय हातपाय थोडेच कापले. मोठी माणसं हायेत, चांगल्यासाठीच केलं असंल."

माय परत चुलीपुढे बसली. तिची पाठ मला दिसत होती. ती पाठ मी अजून विसरले नाही. नऊ वर्षांच्या पोरीला राग येतो तो कसा असतो, लोकांना माहीत नाही. तो रडण्यासारखा नसतो. तो दगडासारखा असतो. खाली बसतो आणि हलत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. पंखे फिरत होते. पुढच्या रांगेत मोठे लोक, मागे उभी आमची माणसं, त्यांत सुट्टी घेऊन आलेली माय. स्टेजवर मंडळाच्या बाया खुर्च्यांवर. प्रत्येकीच्या मांडीवर एक मूल बसायचं होतं. कोणतं मूल कोणाच्या मांडीवर, ते आधीच ठरलं होतं. निवडलेल्या पोरांना सकाळी पुन्हा आंघोळ घातली होती.

सरूला निवडलं नव्हतं. तरी ती गल्लीतल्या कोणाचा तरी साबण लावून, केस चापून आली होती. पोरं स्टेजवर चढली तशी तीही चढली. एका बाईंच्या मांडीशी जाऊन उभी राहिली. बाईंनी हातातल्या मिटलेल्या पंख्यानं तिला बाजूला सारलं. जसं ताटावर बसलेलं काही सारतात. "तू खाली बैस हं, बाळ." सरू पायऱ्या उतरून खाली गेली.

मी ते बघितलं.

मग ताईंनी मला पुढे नेलं. माइकपाशी उभं केलं. एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा नुकत्याच कापलेल्या केसांवर.

"ही आमची मंजू," त्या सभागृहाला म्हणाल्या. "ही आली तेव्हा अंगाला वास यायचा. डोक्यात उवा. तोंडात गावंढळ भाषा. आज बघा. वाटते का? कायद्यानं अस्पृश्यता जात नाही. ती अशी जाते. प्रेमानं. हातानं." आणि त्यांनी माझ्या केसांतून हात फिरवला.

टाळ्या पडल्या. खूप. मी मागे उभ्या मायकडे बघितलं. अंगाला वास यायचा, हे ती ऐकत होती. रविवारी मला दगडानं घासून न्हाऊ घालणारी माझी माय.

ताई खुर्चीवर बसल्या, मला ओढून मांडीवर घेतलं, गालाला गाल लावला. फोटोवाला पुढे आला.

"सांग मंजू सगळ्यांना. तू कोणाची?"

"मले हात नका लावू."

माइक जवळच होता. ते सगळ्यांना ऐकू गेलं.

ताई माझ्या कानात कुजबुजल्या, "मला. मले नाही, मला म्हण."

आधी त्यांनी माझी भाषा दुरुस्त केली. मी काय बोलले, ते त्यांच्या कानात शिरलंच नाही. मी त्यांचा हात माझ्या पोटावरून उचलला आणि बाजूला ठेवला. मांडीवरून उतरले. उभी राहिले.

"मले हात नका लावू. मले विचारलं नाही तुमी."

पुढच्या रांगेतल्या मंत्रीणबाईंना मराठी येत नव्हती. त्यांनी शेजारी विचारलं, "क्या कह रही है बच्ची?"

शेजारची बाई पटकन म्हणाली, "कुछ नहीं जी. शरमा रही है."

लोकांना सुटल्यासारखं झालं. सगळे हसले. स्टेजवरच्या बायाही हसल्या. ताईंनी मला परत मांडीवर घ्यायला हात पुढे केला.

तेव्हा माझ्यातला तो दगड हलला. मी माइककडे वळले. हिंदी मला गल्लीनं शिकवली होती.

"शरमा नहीं रही हूँ," मी म्हटलं. "मना कर रही हूँ."

मग मी माझं नाव सांगितलं. मंजू नाही. माझं नाव, बापाचं नाव, आडनाव. आणि मायकडे बोट दाखवून म्हटलं, "वो मेरी माय है."

कोणी हसलं नाही. पंख्यांचा आवाज येत होता. मागून कोण्या पुरुषानं मराठीत म्हटलं, अगदी स्पष्ट, "हात लावला नाही तर म्हणतात अन्याय. लावला तर हे असं."

त्या माणसाला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. मला येत नव्हतं. आज येतं. पिढ्यान् पिढ्या हात लावायचा नाही हे तुम्ही ठरवलंत. आता लावायचा, हेही तुम्हीच ठरवलंत. आमच्या अंगाचा निर्णय दोन्ही वेळा तुमच्याच हातात होता. त्या दिवशी पहिल्यांदा तो माझ्या हातात आला. एवढंच तुम्हाला सोसलं नाही.

गुरुजींनी माझा कान धरून मला स्टेजवरून उतरवलं. "नाक कापलंस शाळेचं," म्हणाले. माय गर्दीतून पुढे आली आणि तिनं गुरुजींच्या हातातून माझा कान सोडवून घेतला. मला पुढे घालून चालू लागली.

पुढच्या शनिवारी बाया आल्या नाहीत. दुधाची पावडरही आली नाही. निरोप आला की मुलीनं बंगल्यावर येऊन ताईंच्या पाया पडावं, झालं गेलं विसरून जाऊ. गुरुजी स्वतः घरी सांगायला आले. बा लगेच म्हणाला, "जाईल. उद्याच धाडतो."

"नाही जानार," माय म्हणाली.

बा तिच्याकडे बघत राहिला. ती त्याच्यासमोर असं कधी बोलत नसे.

"गुरुजी," ती म्हणाली, "पोरीचे केस कापले तवा मले कोनी विचाराले आलं नाही. आता माफीचं मात्र घरी येऊन विचारता. नाही जानार ती."

गुरुजी चहा न घेता गेले. बा दोन दिवस जेवताना बोलला नाही.

गल्लीत आम्हांला सोपं गेलं नाही. नळावर बाया मायला ऐकवायच्या. "महारानी हाय हिची पोरगी. हात लावू नका म्हनते." पोरं माझ्या अंगाजवळ येऊन बोट पुढे करायची आणि पळायची. सगळ्यांत जास्त लागलं ते सरूचं वागणं. ती माझ्याशी बोलेना. मी तिला शाळेच्या भिंतीपाशी गाठलं.

"तुझ्यासाठीपण बोलली मी," मी म्हटलं.

"मी कुठं सांगितलं होतं?" सरू म्हणाली. "तुले मांडी मिळाली तर तू लाथाडली. मले तर मिळालीच नाही."

तिला त्या मांडीची गरज होती आणि ती गरज खरी होती. जिनं तिला पंख्यानं सारलं, तिनंच ती गरज तिच्यात पेरली होती.

पाऊसकाळाच्या आधी ताई आमच्या चाळीत आल्या. एकट्या. टांगा नाक्यावर उभा करून चालत आल्या. पोरं मागे लागली. आमच्या दाराशी आल्या आणि उंबऱ्याबाहेर थांबल्या. माय घरी होती. तिनं त्यांना बसायला पाट टाकला. त्या बसल्या. आमच्या घरात, पाटावर. पाणी दिलं, ते प्यायल्या. हे मी मुद्दाम सांगते. जे त्यांनी केलं ते सांगते.

"मी काय वाईट केलं ग तुझं?" त्यांनी मला विचारलं. डोळे सुजलेले होते. "पोटच्या पोरीसारखे लाड केले."

"हौ. केले."

"मग?"

मी भिंतीला टेकून उभी होते. म्हटलं, "केस कापताना मी नको म्हटलं होतं. ऐकू आलं होतं का तुम्हाला?"

ताईंनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मला वाटलं, म्हणतील, नाही आलं. म्हणाल्या असत्या तर कदाचित मी मानलंही असतं.

"आलं होतं," त्या म्हणाल्या.

त्या खोटं बोलल्या नाहीत. याचं श्रेय मी त्यांना देते. आणि त्याच कारणानं मला ते प्रकरण कायमचं कळलं. माझं 'नको' त्यांना ऐकू आलं होतं. ते मोजण्याजोगं वाटलं नव्हतं, इतकंच. मंजूचं 'हो' त्यांना हवं होतं, पेढ्याच्या बदल्यात, पाहुण्यांसमोर. माझं 'नको' त्यांच्या लेखी आवाज होता. कुत्र्याच्या पिलाचा असतो तसा.

उठताना त्यांचा हात सवयीनं माझ्या डोक्याकडे आला. मी मागे सरले. हात हवेत राहिला.

"माफ करशील ना?" त्या म्हणाल्या.

"नाही," मी म्हटलं.

मायनं मला दटावलं नाही. ताई गेल्या. त्या परत मंडळातर्फे कुठे गेल्या की नाही, मला माहीत नाही. मी त्यांना पुन्हा भेटले नाही. लोक म्हणतात, आता तरी माफ कर, त्या वारल्या, त्यांचं मन चांगलं होतं. त्यांचं मन कसं होतं, हा माझा प्रश्न नाही. डोकं माझं होतं.

मी शिकले. त्याच शाळेत, शेवटच्या रांगेत बसून. पुढे मिलमजुरांच्याच पोरांची मास्तरीण झाले आणि नोकरीची सगळी वर्षं परदेशीपुऱ्याच्या आसपास काढली. मिल बंद पडल्या, प्रांताचं नाव बदललं, शहर विजय नगरच्या नव्या वस्त्यांपर्यंत पसरलं. सेवा करायला येणारे मात्र येत राहिले. कधी मंडळं, कधी कॉलेजची पोरंपोरी, कधी कंपन्यांची माणसं. चांगली माणसं. येतात, पहिलं गोड दिसणारं पोर उचलतात, गाल ओढतात, फोटो काढतात. काळी, शेंबडी पोरं खाली उभी असतात.

मी त्यांना फाटकाशीच थांबवायचे. एकदा एका तरुण बाईनं माझ्यासमोर पहिलीतल्या पोरीला उचललं. पोरगी अंग ताठ करून, मान वळवून होती. मी म्हटलं, "खाली ठेवा तिला."

"बाई, मी फक्त प्रेमानं..."

"प्रेमानंच ठेवा. मग विचारा तिला."

तिनं ठेवलं. विचारलं. पोरगी पळाली. त्या बाईचं तोंड उतरलं. मी तिची समजूत काढली नाही. पोर पळालं तर पळू द्यायचं असतं. त्याच दिवशी एक मुलगा आपणहून तिच्याजवळ गेला, तिचं बोट धरलं आणि तिला झाड दाखवायला घेऊन गेला. त्याला मी अडवलं नाही. जवळ यायचं ते पोरानं यायचं. त्याच्या पायानं. सगळ्यांसमोर, उजेडात. आणि एकाला जवळ घ्याल तर पंख्यानं दुसऱ्याला सारायचं नाही.

शाळेत मला रूक्ष म्हणायचे. कोरडी बाई. पोरांना जीव लावत नाही. इन्स्पेक्टरनं एकदा तसं तोंडावर म्हटलं. म्हणू देत.

माझं आता वय झालंय. गुडघे धरतात. तरी शाळेत बोलावलं की जाते आणि नव्या मास्तरांना, येणाऱ्या पाहुण्यांना तोंडावर सांगते. तुमच्या मनात कितीही माया असू दे. तुमचं घराणं कोणतंही असू दे. गरिबाचं पोर हे मोकळ्या माळावरचं झाड नाही, येणाऱ्या-जाणाऱ्यानं हात लावावा, पान तोडावं. त्याला नाही म्हणता येतं. ते नाही म्हणालं तर तुम्ही हात मागे घ्यायचा. नाही घेतलात, तर मी तो धरून मागे घेईन. चारचौघांत. तुमच्या फोटोवाल्यासमोर. आणि माफी मागणार नाही.